हॅकर म्हणजे चोर नव्हे : खटपटीचा छंद आणि त्याचे शिष्टाचार

जबलपूर : शहराबाहेर डुमना विमानतळ मार्गावर पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या नावाची माहिती तंत्रज्ञान, अभिकल्पन आणि विनिर्माण संस्था आहे. २००५ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रीय संस्थेचे विद्यार्थी ‘हॅकेथॉन’ भरवतात. ठरलेल्या तासांत, झोप बाजूला सारून, एखादा उपयोगी प्रोग्राम किंवा उपकरण उभे करायचे आणि परीक्षकांपुढे ते चालवून दाखवायचे, असे या स्पर्धांचे स्वरूप असते. त्याच शहरात एखाद्या निवृत्त गृहस्थाच्या बँक खात्यातून पैसे गेले की घरची मंडळी पोलीस ठाण्यात सांगतात, ‘‘खाते हॅक झाले.’’ एकच शब्द एका ठिकाणी प्रशस्तिपत्रावर छापला जातो आणि दुसऱ्या ठिकाणी फिर्यादीत नोंदला जातो.

हा गोंधळ केवळ भाषेचा असता तर तो कोशकारांवर सोपवून मोकळे होता आले असते. प्रत्यक्षात त्याची किंमत दोन प्रकारच्या माणसांना मोजावी लागते. फसवणूक झालेल्या माणसाला आपली चूक नेमकी कोठे झाली हे कळत नाही, आणि संगणकाच्या अंतरंगाचे कुतूहल असलेल्या विद्यार्थ्याला आपली मर्यादा कोठे संपते हे कोणी सांगत नाही. म्हणूनच या शब्दाचा मूळ अर्थ, त्याला लागलेला डाग आणि ज्या हौशी समूहांत तो घडला त्यांचे शिष्टाचार, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

खेळण्यातल्या आगगाडीपासून

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या विद्यापीठात १९४६ पासून एक विद्यार्थी मंडळ आहे. आगगाड्यांच्या लहान प्रतिकृती रुळांवर चालवणे हा त्यांचा छंद. मंडळातील काहींना डबे रंगवण्यात रस होता, तर काहींना रुळांखालच्या तारा, विद्युतचुंबकीय खटके आणि सिग्नल यांच्या गुंत्यात. दूरध्वनी केंद्रांतून मिळालेले जुने भाग जोडून त्यांनी एकाच वेळी अनेक गाड्या चालवणारी यंत्रणा उभी केली. एखादी अडचण अनपेक्षित आणि चतुर युक्तीने सोडवली की त्या युक्तीला ते ‘हॅक’ म्हणत, आणि अशा युक्त्या लढवणारा तो ‘हॅकर’. १९५९ मध्ये मंडळाच्या एका सदस्याने आपसातील बोलीचा छोटा शब्दकोश तयार केला, त्यातही हा शब्द आहे.

पुढे याच मुलांच्या हाती विद्यापीठातील संगणक आले. १९६१ मध्ये ‘पीडीपी-१’ हे यंत्र तेथे आले आणि १९६२ मध्ये त्यावर ‘स्पेसवॉर’ हा संगणकीय खेळ तयार झाला. तो कोणी विकला नाही. ज्याला हवा त्याने घ्यावा, सुधारावा आणि सुधारलेला पुन्हा सर्वांना द्यावा, अशी रीत होती. पत्रकार स्टीव्हन लेव्ही यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हॅकर्स’ या पुस्तकात या पिढीची हकिगत सविस्तर नोंदवली आहे.

मराठीत या वृत्तीला जवळचा शब्द शोधायचा तर ‘खटपट्या’ हा सुचतो. घरातले घड्याळ बंद पडले की ते उघडून बसणारा, रेडिओची तार कोठे सुटली हे हुडकणारा, सायकलच्या जुन्या डायनॅमोवर दिवा लावणारा माणसाचा हा नमुना प्रत्येक गावाच्या ओळखीचा आहे. त्याच्या खटपटीमागे मिळकतीपेक्षा ‘हे चालते तरी कसे’ हा प्रश्न असतो. इंटरनेटच्या जाणकारांनी जानेवारी १९९३ मध्ये काढलेल्या अधिकृत शब्दसूचीतही हॅकरची व्याख्या जवळपास अशीच आहे : यंत्रणेचे, विशेषतः संगणकाचे आणि संगणकजाळ्यांचे, अंतर्गत कार्य सखोल जाणून घेण्यात आनंद मानणारी व्यक्ती. वाईट अर्थाने हा शब्द वापरणे चूक असून परवानगीवाचून यंत्रणेत घुसणाऱ्याला ‘क्रॅकर’ म्हणावे, असेही त्या सूचीत नमूद आहे. कुलूप कसे चालते हे चावीवाल्यालाही ठाऊक असते आणि घरफोड्यालाही. म्हणून दोघांना एकाच नावाने कोणी हाक मारत नाही.

डाग कसा लागला

तथापि मूळ अर्थ निर्मळ होता आणि वृत्तपत्रांनी तो बिघडवला, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. एमआयटीच्याच विद्यार्थी वृत्तपत्राने नोव्हेंबर १९६३ मध्ये विद्यापीठाच्या दूरध्वनी यंत्रणेशी खेळ करणाऱ्यांना ‘हॅकर’ म्हटले होते आणि त्यांच्यामुळे काही सेवा आखडत्या घ्याव्या लागल्याचे वृत्त दिले होते. कुतूहल आणि उपद्रव यांच्यातील रेषा आरंभापासूनच पुसट होती.

१९८३ मध्ये ती जवळजवळ मिटली. त्या वर्षी ‘वॉरगेम्स’ हा चित्रपट आला. लष्करी संगणकात नकळत शिरून जगाला युद्धाच्या उंबरठ्यावर नेणारा शाळकरी मुलगा त्याचा नायक होता. त्याच वर्षी अमेरिकेतील मिलवॉकी शहरातील काही तरुणांनी लॉस अलामॉस प्रयोगशाळेसह अनेक संस्थांच्या संगणकांत प्रवेश केल्याचे उघडकीस आले. कित्येक ठिकाणी यंत्रासोबत आलेला मूळचा पासवर्ड बदललेलाच नव्हता, म्हणजे दार फोडण्याची गरजही पडली नव्हती. नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर ‘हॅकर’ झळकला आणि सामान्य वाचकाच्या मनात त्याचा अर्थ पक्का झाला.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या पदव्युत्तर विद्यार्थ्याने स्वतःच पसरत जाणारा एक प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. नुकसान करण्याचा आपला हेतू नव्हता, असे त्याचे म्हणणे होते. मात्र एकाच यंत्रात तो प्रोग्राम पुन्हा पुन्हा शिरू लागला आणि त्या काळच्या अंदाजानुसार सुमारे ६,००० संगणक ठप्प झाले. मॉरिसला तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि दंड अशी शिक्षा झाली. पुढे तो एमआयटीतच प्राध्यापक झाला. त्याच्या बुद्धीविषयी कोणालाच शंका नव्हती. इतरांच्या यंत्रावर प्रयोग करण्यापूर्वी त्यांना विचारावे लागते, ही साधी रीत त्याने पाळली नाही, हा त्याचा दोष होता.

कायद्याने शब्द घेतला आणि सोडला

भारतात या शब्दाचा प्रवास आणखी वेगळा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये संमत झाला, तेव्हा त्याच्या ६६ व्या कलमाचे शीर्षकच ‘संगणक यंत्रणेचे हॅकिंग’ असे होते. नुकसान करण्याच्या उद्देशाने संगणकातील माहिती नष्ट करणे, पुसणे, बदलणे किंवा तिची उपयुक्तता कमी करणे याला कायद्याने ‘हॅकिंग’ ठरवले. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद होती.

२००८ मध्ये संमत झालेली आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालेली दुरुस्ती येताच हे कलम नव्याने लिहिले गेले. शीर्षक ‘संगणकविषयक अपराध’ असे झाले आणि ‘हॅकिंग’ हा शब्द त्या कलमातून गेला. आता ४३ व्या कलमात सांगितलेली कृत्ये, म्हणजे मालकाच्या किंवा यंत्रणेच्या प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणकात प्रवेश करणे, माहितीची नक्कल करणे, विषाणू सोडणे, अधिकृत वापरकर्त्याची वाट अडवणे इत्यादी, अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास ती दंडनीय ठरतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी आहे. कपट नसले तरी ४३ व्या कलमानुसार नुकसानभरपाईचे दायित्व उरतेच.

या बदलातील मर्म विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कृती करणाऱ्याला लोक काय म्हणतात, यावर कायद्याने आता भर ठेवलेला नाही. परवानगी होती काय आणि हेतू कोणता होता, एवढेच तो विचारतो. हौशी समूहांचे शिष्टाचारही याच दोन प्रश्नांपासून सुरू होतात.

यंत्र फुटले की विश्वास?

फसवणुकीच्या अनेक तक्रारींत प्रत्यक्षात कोणतीही यंत्रणा भेदलेली नसते. बँकेतून बोलतो असे सांगून कोणी ओटीपी विचारून घेतो, वीजबिल थकल्याची भीती दाखवून दूरवरून फोन हाताळणारे ॲप उतरवायला लावतो, किंवा पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ झाल्याचे बजावतो. अशा अटकेची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. या प्रकारांत संगणकाचे कुलूप शाबूत राहते आणि माणूस आपल्या हाताने किल्ली देतो.

अशा वेळी ‘हॅक झाले’ असे म्हटले की दोष अदृश्य तंत्रज्ञानाकडे जातो. मोठ्या कौशल्यापुढे आपण हतबल होतो, अशी समजूत होते आणि पुढच्या वेळी काय टाळायचे हा बोध निसटतो. ‘मला बोलण्यात गुंतवून माहिती काढून घेतली’ असे सांगितले तर तपास करणाऱ्यालाही धागा लवकर सापडतो आणि शेजारीपाजारीही सावध होतात. त्यात लाज बाळगण्यासारखे काही नाही. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवणे अधिक महत्त्वाचे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते.

तारायंत्रांच्या शहराचा वारसा

दुरून संवाद साधण्याची शिस्त जबलपूरला नवी नाही. सैन्याच्या सिग्नल दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे. रिज मार्गावरील दूरसंचार प्रशिक्षण संस्थेचा इतिहास १९४२ पर्यंत मागे जातो आणि आज ती भारतरत्न भीमराव आंबेडकर यांच्या नावाने ओळखली जाते. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले. तार, बिनतारी संदेश आणि दूरध्वनी यांचे शिक्षण घेतलेल्या अनेक पिढ्या या शहराने पाहिल्या आहेत. बोलण्याआधी ऐकावे, आपली ओळख सांगावी, संदेश आटोपशीर ठेवावा आणि वाहिनी अडवून धरू नये, हे त्या शिक्षणाचे पहिले पाठ होत.

हेच पाठ हौशी रेडिओचालकांनी आपल्या छंदात उतरवले. त्यांना ‘हॅम’ म्हणतात. गंमत अशी की ‘हॅम’ हा शब्द मुळात शिवी होता. एकोणिसाव्या शतकात अडाणी, अडखळत संदेश पाठवणाऱ्या तारबाबूला त्या नावाने हिणवले जाई. हौशी मंडळींनी तेच नाव अंगावर घेतले आणि आपल्या वागणुकीने त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. ‘हॅकर’चा प्रवास नेमका उलट दिशेने झाला.

हॅम मंडळींची आचारसंहिता १९२८ मध्ये अमेरिकेतील पॉल सेगल यांनी लिहिली. इतरांच्या आनंदात व्यत्यय येईल असे प्रक्षेपण करू नये, नवशिक्याला संथपणे आणि मैत्रीने मदत करावी, छंदापायी घर आणि नोकरी यांची हेळसांड होऊ देऊ नये, असा तिचा आशय आहे. भारतात १९७८ च्या नियमांनी बारा वर्षांपुढील व्यक्तीला परीक्षा देऊन या छंदाचा परवाना मिळवण्याची वाट मोकळी केली. हॅमला आपले संकेतनाम सांगावेच लागते आणि या लहरींवर व्यापारी संदेश पाठवता येत नाहीत. शिस्तीतून आलेल्या या विश्वासामुळेच आपत्तीत प्रशासन त्यांच्याकडे वळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर संपर्क प्रस्थापित करण्यासाठी हौशी रेडिओचालक पुढे आले होते. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामीने अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा छंदासाठीच पोर्ट ब्लेअरला गेलेल्या हॅम चमूने बाहेरच्या जगाशी संदेशांची देवाणघेवाण सुरू ठेवली.

प्रश्न विचारण्याची रीत

रेडिओलहरींची जागा इंटरनेटने घेतली, तरी समूहाचे स्वरूप फारसे बदलले नाही. प्रोग्राम लिहिणारे, रोबो जुळवणारे, फाँट घडवणारे, नकाशे भरणारे, ताऱ्यांची छायाचित्रे काढणारे असे असंख्य हौशी समूह आज इंटरनेटवर आहेत. त्यांतील बहुतेकांना या कामाचा मोबदला मिळत नाही. उत्तर देणारा आपला वेळ फुकट देतो, हे एकदा लक्षात आले की इतर सर्व नियम त्यातूनच निघतात.

इंटरनेटवरील वागणुकीची सर्वांत परिचित लिखित मार्गदर्शिका ऑक्टोबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. सॅली हॅम्ब्रिज यांनी तिचे संकलन केले होते. नव्या समूहात शिरल्यावर काही काळ केवळ वाचत राहावे आणि तेथील रीत समजल्यावरच लिहावे, संपूर्ण मजकूर इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहू नये कारण ते ओरडल्यासारखे वाटते, रागाच्या भरात उत्तर पाठवू नये, असे सल्ले तीत आहेत. २००१ मध्ये एरिक रेमंड यांनी प्रश्न कसा विचारावा या विषयावर लिहिलेला निबंधही जगभर वाचला गेला. विचारण्यापूर्वी स्वतः शोध घ्यावा आणि तो घेतल्याचे दाखवावे, हे त्याचे सार.

मराठी माणसाच्या रोजच्या अनुभवातील उदाहरण घेता येईल. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. दोन्ही शब्दांतील ‘र’ वेगळ्या रीतीने जोडला जातो. एखाद्या प्रोग्राममध्ये ‘दऱ्या’ लिहिल्यावर ‘दर्या’ उमटत असेल, तर ‘मराठी नीट दिसत नाही, कृपया लवकर दुरुस्त करा’ असा निरोप निरुपयोगी ठरतो. हजारो मैलांवरच्या निर्मात्याला दोन्ही आकृत्या सारख्याच वाटतील. त्याऐवजी कोणता शब्द लिहिला, काय दिसायला हवे होते, काय दिसले, कोणता फाँट आणि प्रोग्रामची कोणती आवृत्ती होती, दुसऱ्या फाँटमध्ये तोच दोष येतो काय, हे पाच मुद्दे सांगितले तर अर्धे निदान तेथेच होते. मराठी न जाणणाऱ्या माणसाला मराठीचा दोष समजावून देणे, ही त्या प्रकल्पाला केलेली मदतच असते.

प्रश्नाला अर्थपूर्ण शीर्षक द्यावे, चुकीचा संदेश आला असल्यास तो जसाच्या तसा उतरवावा, पासवर्ड आणि खासगी माहिती मात्र आधी काढून टाकावी. ‘तातडीचे’ हा शब्द टाळावा, कारण आपली तातडी ही दुसऱ्याची जबाबदारी नसते. उत्तर मिळाल्यावर आभार मानावेत. शिवाय कोणता उपाय लागू पडला हे त्याच ठिकाणी लिहून ठेवावे, म्हणजे वर्षभराने तीच अडचण आलेल्या अनोळखी माणसाला तो सापडतो. आपल्याकडे हा शेवटचा नियम सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. काम झाले की माणूस निघून जातो.

श्रेय आणि परवानगी

दुसऱ्याच्या निर्मितीचा मान कसा राखावा, हा प्रश्न हौशी समूहांत जुना आहे. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील एका गॅरेजमध्ये ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ सुरू झाला. तेथे सदस्य एकमेकांच्या जोडण्या आणि प्रोग्राम मोकळेपणाने घेत-देत. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी मंडळींना खुले पत्र लिहून, आपला प्रोग्राम पैसे न देता नकलून घेणे ही चोरी असल्याची तक्रार केली. वाटून घेणे आणि लुबाडणे यांतील भेद त्या वादातून पुढे आला.

त्याला एक उत्तर मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने दिले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये त्याचा परवाना प्रसिद्ध केला. निर्माता स्वतःच वापरण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची परवानगी लेखी देतो. अट एवढीच की बदल करून पुढे देणाऱ्याने तीच मोकळीक पुढच्यालाही द्यावी. २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक संगणकप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले, तीच पुढे लिनक्स झाली आणि तिने हा परवाना स्वीकारला. अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी आज तीच आहे.

मराठी विकिपीडिया याच रीतीने वाढला. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशाच्या सामायिक चर्चेच्या पानाला ‘चावडी’ असे समर्पक नाव आहे. तेथे मत मांडताना सही करावी लागते, समोरच्याचा हेतू चांगला आहे असे गृहीत धरले जाते आणि नवागतावर तुटून पडू नये असा संकेत आहे. कोणीही पान बदलू शकतो, परंतु प्रत्येक बदलाची नोंद राहते. मोकळीक आणि उत्तरदायित्व यांची ही सांगड आहे.

टी-शर्टची लाट

शिष्टाचार न शिकवता केवळ मोकळीक दिली की काय होते, याचे धडे भारताशी निगडित आहेत. दर ऑक्टोबरमध्ये ‘हॅकटोबरफेस्ट’ नावाचा उपक्रम होतो. २०२० मध्ये ठरावीक संख्येने सुधारणा सुचवणाऱ्यांना टी-शर्ट देण्यात येणार होता. भारतातील एका लोकप्रिय शिकवणी वाहिनीवर सुधारणा कशी पाठवावी याचे प्रात्यक्षिक दाखवले गेले आणि ते पाहून असंख्य जणांनी जगभरच्या प्रकल्पांच्या माहितीपत्रकात एखाददुसरा निरर्थक शब्द घालून ‘सुधारणा’ पाठवल्या. स्वयंसेवकांचे दिवस त्या नाकारण्यात गेले. अखेर संयोजकांना नियम बदलावा लागला आणि स्वतःहून संमती देणाऱ्या प्रकल्पांपुरताच उपक्रम मर्यादित झाला. २०२४ च्या आरंभी ‘एक्स्प्रेस’ या बहुवापरातील प्रकल्पावरही अशीच लाट आली. सरावासाठी दाखवलेले उदाहरण विद्यार्थ्यांनी खऱ्या प्रकल्पावर उतरवले आणि त्यात आपापली नावे लिहिण्याच्या विनंत्या पाठवल्या.

या विद्यार्थ्यांनी कोणाचे पासवर्ड चोरले नव्हते. बहुतेकांना तर आपण कोणाला त्रास देत आहोत याची कल्पनाही नसावी. तांत्रिक पायऱ्या त्यांना शिकवल्या गेल्या होत्या, पण पलीकडे एक थकलेला माणूस बसला आहे हे कोणी सांगितले नव्हते. अशा घटनांमुळे मनापासून काम करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याच्या पहिल्या विनंतीकडेही संशयाने पाहिले जाण्याचा धोका असतो.

शिष्टाचाराचे ओझे अर्थातच केवळ नवशिक्यावर टाकता येत नाही. अनेक तांत्रिक समूहांत जाणकारांची भाषा तुसडी असते आणि ती कौशल्याची खूण मानली जाते. हिंदी किंवा मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी अशा एका उत्तराने कायमचा मागे फिरू शकतो. सप्टेंबर २०१८ मध्ये खुद्द टोरवाल्ड्स यांनी आपल्या कठोर वागण्याबद्दल सहकाऱ्यांची जाहीर क्षमा मागितली, काही काळ कामातून विश्रांती घेतली आणि लिनक्सच्या गाभ्यासाठी नवी आचारसंहिता स्वीकारली गेली.

अर्ध्या सेकंदाचा संशय

ही सारी चर्चा सौजन्यापुरती नाही, हे मार्च २०२४ मध्ये दिसून आले. ‘एक्सझेड’ हे माहिती दाबून लहान करणारे छोटे साधन लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्यांत असते. त्याची देखभाल अनेक वर्षे एकच स्वयंसेवक बिनमोबदला करीत होता. २०२१ च्या सुमारास ‘जिया टॅन’ या नावाने कोणी मदत करू लागले. पुढच्या वर्षी काही अनोळखी नावांनी त्या स्वयंसेवकाला टोचणारे निरोप येऊ लागले : काम संथ चालले आहे, जबाबदारी दुसऱ्याकडे द्या. दमलेल्या माणसाने हळूहळू अधिकार सोपवले. सुमारे दोन वर्षे सज्जनपणाचा आव आणल्यानंतर त्या सहायकाने फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मधील दोन आवृत्त्यांत एक चोरदरवाजा बसवला. ती आवृत्ती सर्वत्र पोहोचली असती तर जगभरातील असंख्य सर्व्हरचा ताबा परस्पर मिळवता आला असता.

तो दरवाजा सापडला तो अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या खटपट्या वृत्तीमुळे. आपल्या चाचणीत दूरस्थ संगणकावर प्रवेश करण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे त्यांच्या लक्षात आले. एवढ्याशा विलंबाकडे दुसऱ्या कोणी काणाडोळा केला असता. त्यांनी त्याचा माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी पुराव्यांसह सर्वांना सावध केले. दूषित आवृत्त्या तातडीने मागे घेण्यात आल्या.

या प्रकरणातील दोन्ही पक्षांकडे सखोल तांत्रिक ज्ञान होते. एकाने एकट्या स्वयंसेवकाच्या थकव्याचा आणि समूहाच्या विश्वासाचा गैरफायदा घेतला, तर दुसऱ्याने आपले कुतूहल सर्वांच्या कामी आणले. मूळ अर्थाने हॅकर कोण, याचे उत्तर त्यातून मिळते. उद्धट घाई आणि सततचा तगादा हे केवळ गैरवर्तन नसून सुरक्षेला धोकाही ठरू शकतात, हेही त्यातून उघड झाले.

दोष सापडला तर

महाविद्यालयाच्या किंवा एखाद्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर आपल्याला दोष दिसला, असे एखाद्या विद्यार्थ्याला वाटले तर त्याने काय करावे? तो दोष किती खोल जातो हे पाहण्यासाठी पुढे शिरू नये. इतरांची माहिती उतरवून घेऊ नये. मित्रांत किंवा समाजमाध्यमांवर फुशारकी मारू नये आणि कळवण्याच्या बदल्यात पैशांची मागणी करू नये. काय पाहिले, कधी पाहिले आणि ते कसे दिसले, एवढे टिपून संबंधित संस्थेला लेखी कळवावे. जानेवारी २००४ पासून कार्यरत असलेली ‘सर्ट-इन’ ही केंद्र सरकारची संस्था अशा सूचना स्वीकारते आणि दोष दुरुस्त होईपर्यंत तो जाहीर न करण्याची जबाबदार पद्धत सांगते. ज्यांना प्रत्यक्ष भेद करून पाहण्याची हौस आहे, त्यांच्यासाठी सरावाकरिता मुद्दाम तयार केलेल्या यंत्रणा आणि स्पर्धा आहेत. काही कंपन्या दोष शोधणाऱ्यांना मर्यादा आखून लेखी परवानगी आणि बक्षीसही देतात.

संस्थांचीही बाजू आहे. प्रामाणिकपणे दोष कळवणाऱ्याला धमकावले, तर पुढचा माणूस गप्प बसतो आणि तोच दोष चोराला आधी सापडतो. तक्रार कोठे करावी हे संकेतस्थळावर स्पष्ट लिहिणे आणि आलेल्या पत्राची पोच देणे, एवढे कोणतेही महाविद्यालय करू शकते.

जबलपूरच्या तार आणि सिग्नल प्रशिक्षणात वाहिनीवर येण्यापूर्वी ऐकण्याचा आणि आपली ओळख देण्याचा धडा प्रथम दिला जाई. यंत्राचे ज्ञान त्यानंतर येई. हॅकेथॉनच्या रात्री संगणकापुढे बसणाऱ्या विद्यार्थ्यांनाही पहिल्या तासात हाच धडा मिळाला, तर ‘हॅकर’ या शब्दाला त्याचा जुना मान परत मिळण्यास मदत होईल.